बोर्ड गेमचा डेमो कसा घ्यायचा? नवख्या माणसाला दहा मिनिटांत खेळात आणायचं तंत्र

टेबलावर खेळायचा एखादा नवा खेळ चार अनोळखी लोकांना शिकवायचा आहे. त्यांनी तो कधी पाहिलेला नाही, तुम्ही त्यांना ओळखत नाही, आणि त्यांच्याकडे फार तर अर्धा तास आहे. याला म्हणतात डेमो. ऐकायला सोपं वाटतं, पण एखादं ॲप पहिल्यांदा उघडणाऱ्या माणसाला ते वापरायला लावण्याइतकंच हे काम अवघड आहे. मी नोकरीत सॉफ्टवेअर लिहितो आणि सुट्टीच्या संध्याकाळी आम्ही तिघं-चौघं मित्र संत तुकाराम नगरमधल्या एका सोसायटीच्या हॉलमध्ये असे डेमो घेतो. दोन्ही कामांत साम्य इतकं आहे, की एका ठिकाणी शिकलेलं दुसऱ्या ठिकाणी रोज उपयोगी पडतं.

हा लेख वाचून तुम्हाला तुमच्या सोसायटीत, कॉलेजमध्ये किंवा वाचनालयात असा डेमो घेता यावा, एवढाच हेतू आहे. मुख्य मुद्दा आधीच सांगतो. नियम समजावून सांगणं हे डेमोचं काम नाही. नव्या माणसाला लवकरात लवकर स्वतःचा पहिला निर्णय घ्यायला लावणं, हे डेमोचं काम आहे. बाकी सगळं त्यासाठी.

खेळ खोक्यात येतो, खेळणारे येत नाहीत

याचं सर्वात मोठं उदाहरण आपल्याच महाराष्ट्रात आहे: सावंतवाडीची गंजिफा. गोल, हाताने रंगवलेली, लाखेचा थर दिलेली ही पत्ते-पानं. हा खेळ इराणकडून आपल्याकडे आला. बाबराने १५२७ मध्ये एकाला गंजिफा पाठवल्याचा उल्लेख बाबरनाम्यात आहे. मुघली गंजिफेत ८ रंग आणि ९६ पानं. आपल्याकडे तिचं दशावतारी रूप झालं: मत्स्यापासून कल्कीपर्यंत १० रंग, प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत १० पानं, म्हणजे एकूण १२० पानं. तिघांनी खेळायचं, प्रत्येकाला ४० पानं.

खेळ डोकेबाज आहे. हुकूम नाही. निम्म्या रंगांमध्ये दश्शी मोठी, तर उरलेल्या निम्म्या रंगांमध्ये क्रम उलटा, म्हणजे एक्का मोठा आणि दश्शी सगळ्यात लहान. डाव दिवसा असेल तर रामाचा राजा ज्याच्याकडे त्याने सुरुवात करायची, रात्री असेल तर कृष्णाचा राजा ज्याच्याकडे त्याने.

सावंतवाडीच्या राजघराण्यातल्या शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी १९७० च्या दशकात ही कला पुन्हा उभी केली. आजही सावंतवाडीच्या राजवाड्यात कारागीर बसून पानं रंगवताना दिसतात. म्हणजे खेळाचं 'हार्डवेअर' टिकलं. पण विकत घेणाऱ्यांपैकी बरेच जण ती पानं फ्रेम करून भिंतीवर लावतात किंवा भेट म्हणून देतात. डाव मांडणारे फार थोडे. कारण दहा रंग आणि उलटसुलट क्रम हे सगळं शेजारी बसून शिकवणारा माणूस लागतो. आजोबांनी नातवाला शिकवायचं, अशी साखळी होती. ती तुटली की पान उरतं, खेळ जातो.

आपल्या घरातही हेच होतं. कुणीतरी काही हजार रुपये देऊन परदेशी बोर्ड गेम आणतं, खोकं उघडतं, वीस पानांचं इंग्रजी रूलबुक बघतं आणि खोकं कपाटावर जातं. खेळ वाईट नसतो. त्या घरात पहिला डाव लावून देणारं कुणी नसतं.

रूलबुक मोठ्याने वाचू नका

रूलबुक म्हणजे आमच्या भाषेत डॉक्युमेंटेशन. त्यात सगळं असतं, अपवादांसकट. अडलं की उघडायला ते उत्तम, पण पहिल्यांदा शिकायला नाही. तरी अनेक जण डेमो म्हणजे रूलबुकचं तोंडी भाषांतर समजतात आणि पंधरा मिनिटं बोलत राहतात. समोरचा मान हलवतो. त्याला काहीही लक्षात राहिलेलं नसतं.

याचं कारण डोक्याच्या मर्यादेत आहे. मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांनी १९५६ मध्ये लिहिलं, की माणूस एका वेळी साधारण सात, त्यात दोन कमी-जास्त, इतक्या गोष्टी तात्पुरत्या लक्षात ठेवतो. पुढे २००१ मध्ये नेल्सन कोवन यांनी हा आकडा चारच्या आसपास आणला. म्हणजे पाचवा नवा नियम सांगताना पहिला बाहेर ढकलला जात असतो. उपाय एकच: जो नियम हाताने वापरला, तो डोक्यात जागा अडवत नाही. म्हणून सांगा थोडं आणि लगेच खेळायला लावा.

नियमांचे तीन खण करा

डेमोच्या आदल्या दिवशी कागदावर खेळाचे सगळे नियम लिहून काढा आणि त्यांची तीन खणांत वाटणी करा: पहिल्या खेळीआधी सांगायचे, वेळ आली की सांगायचे, आणि आज सांगायचेच नाहीत.

वाटणी कशाच्या आधारावर? माझी कसोटी ही: हा नियम माहीत नसल्यामुळे खेळाडूची आधीची खेळी फसू शकते का? फसत असेल, तर नियम पहिल्या खणात. नसेल, तर थांबू शकतो. ही कसोटी पाळली नाही, की तिसऱ्या पाळीत तुम्ही म्हणता, "अरे हो, याचे गुण कापले जातात," आणि समोरच्याला वाटतं हा रडीचा डाव आहे. त्या क्षणी विश्वास जातो, आणि तो अर्ध्या तासात परत येत नाही.

उदाहरणासाठी 'अझूल' हा खेळ घेऊ. मिखाएल कीसलिंग यांनी तयार केलेला हा खेळ २०१७ मध्ये आला आणि २०१८ मध्ये त्याला जर्मनीचा 'श्पील देस यारेस' हा वर्षातल्या खेळाचा पुरस्कार मिळाला. पोर्तुगालमधल्या रंगीत फरश्यांवर तो बेतलेला आहे. आम्ही डेमोसाठी तो निवडतो, कारण त्याच्या टाइलवर एकही शब्द नाही. वाचता येवो न येवो, इंग्रजी येवो न येवो, सगळे एका पातळीवर.

खेळ थोडक्यात असा. पिशवीत पाच रंगांच्या १०० टाइल. टेबलावर गोल चकत्या, प्रत्येकीवर चार टाइल. आपल्या पाळीला एका चकतीवरच्या एकाच रंगाच्या सगळ्या टाइल उचलायच्या, उरलेल्या मध्ये सरकवायच्या. किंवा मधल्या ढिगातून एका रंगाच्या सगळ्या घ्यायच्या. घेतलेल्या टाइल आपल्या पाटीवरच्या एका पायरीवर लावायच्या. पायऱ्या पाच: पहिलीवर एक टाइल मावते, पाचवीवर पाच. सगळ्या टाइल उचलून झाल्या, की ज्या पायऱ्या भरल्या त्यांची एकेक टाइल शेजारच्या भिंतीवर चढते आणि गुण मिळतात. कुणाची भिंतीवरची एक आडवी रांग पूर्ण झाली, की खेळ संपतो.

आता खण:

पहिल्या खेळीआधी: टाइल कशा उचलायच्या, एका पायरीवर एकच रंग, पायरी भरली तरच टाइल भिंतीवर जाते, भिंतीवर शेजारी-शेजारी लागलेल्या टाइलना जास्त गुण, आणि न मावलेल्या टाइल खाली पडतात, त्याचे गुण कापले जातात. हा शेवटचा नियम आधी सांगायलाच हवा, कारण तो न कळता कुणी हावरटपणे चार टाइल उचलेल आणि अडकेल.

वेळ आली की: फेरीत मधल्या ढिगातून जो पहिला उचलतो, तो पुढच्या फेरीत सुरुवात करतो, पण त्याचा निदान एक गुण जातो. हे कुणी मध्ये हात घालायच्या आधी सांगायचं, घातल्यावर नाही. भिंतीच्या एका रांगेत एक रंग एकदाच बसतो, हा नियम दुसऱ्या फेरीच्या सुरुवातीला. पहिल्या फेरीत भिंत रिकामी असते, त्यामुळे तोपर्यंत तो कुणाला आडवा येत नाही. गुण नेमके कसे मोजायचे, हे पहिली टाइल भिंतीवर चढताना, तीच टाइल हातात धरून.

आज नाहीच: शेवटी मिळणारे बोनस. आडव्या रांगेचे २, उभ्या रांगेचे ७, एकाच रंगाच्या पाचही टाइलचे १०. आमचा डेमो दोन फेऱ्यांचा असतो. एका फेरीत एका रांगेत एकच टाइल चढते, त्यामुळे दोन फेऱ्यांत आडवी रांग पूर्ण होणं शक्यच नाही. उभी रांग किंवा रंग पूर्ण होणंही जवळपास अशक्य. मग ते आकडे डोक्यात कशाला कोंबायचे? मात्र सुरुवातीलाच सांगून टाकतो: "पूर्ण खेळात शेवटी बोनस असतात, आज ते कुणालाच नाहीत." लपवणं वेगळं, बाजूला ठेवणं वेगळं.

शब्द त्यांच्या तोंडातले हवेत

वर मी 'पायरी', 'मधला ढीग' असे शब्द वापरले. रूलबुकमध्ये हे शब्द नाहीत, तिथे पॅटर्न लाइन वगैरे आहे. मराठी शब्द घालताना शुद्धतेचा हट्ट नको. 'टाइल'ला टाइलच म्हणा. नियम इतकाच, की शब्द ऐकल्यावर नजर बरोबर त्या जागी गेली पाहिजे. पाच ओळी जिन्यासारख्या दिसतात, म्हणून पायरी. गोल चकत्यांना आम्ही थाळ्या म्हणतो. खाली पडलेल्या टाइलच्या रांगेला 'फुटकी रांग'.

आमच्या भागात याहून चांगले शब्द लोकच देतात. एका निवृत्त मशीन ऑपरेटर काकांनी अर्ध्या मिनिटात सगळा खेळ सांगितला: "म्हणजे लॉट पूर्ण झाल्याशिवाय माल पुढं जात नाही, आणि जास्तीचा काढला तर रिजेक्शन." बरोबर तेच! आता टेबलावर कंपनीतलं कुणी असलं, की आम्ही हेच वाक्य वापरतो. समोर कोण बसलंय ते आधी विचारा आणि उपमा त्याच्या कामातली घ्या. फरशी बसवणाऱ्या माणसाला तर हा खेळ तुमच्या आधी कळतो.

वार, जागा आणि पंखा

या गोष्टी किरकोळ वाटतात, पण डेमो त्यांच्यावरच उभा राहतो.

वार: पिंपरी-चिंचवड, भोसरी पट्ट्यातल्या बऱ्याच कारखान्यांना साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. आयटीवाल्यांना शनिवार-रविवार. फक्त रविवारी डेमो ठेवला, तर अर्धी वस्ती आपोआप बाहेर राहते आणि 'इथे या खेळांना लोकच नाहीत' असा निष्कर्ष निघतो. आम्ही एक आड एक करतो: एकदा गुरुवार संध्याकाळ, एकदा रविवार. गुरुवारी येणारे लोक पूर्ण वेगळे असतात.

जागा: टेबल दारातून दिसेल असं ठेवा. आत कोपऱ्यात ठेवलं, तर नवा माणूस आत यायला बिचकतो. एका टेबलावर तीनच शिकणारे घ्या, आणि एक खुर्ची मुद्दाम रिकामी ठेवा. नुसतं बघायला थांबणाऱ्याला ती लागते, आणि बघणारा पुढच्या डावाला बसतोच. संत तुकाराम नगरचं मेट्रो स्टेशन २०२२ मध्ये सुरू झाल्यापासून कासारवाडीकडून येणंही सोपं झालंय. म्हणून संपण्याची वेळ बोर्डावर मोठी लिहा. घरी कधी पोचणार हे माहीत असलेला माणूस निवांत बसतो.

पंखा: हॉलमध्ये पंखा फुल असतो आणि उन्हाळ्यात तो बंद करता येत नाही. पत्त्यांचे खेळ उडतात. जड टाइलचे, सोंगट्यांचे खेळ घ्या, नाहीतर कपड्यांचे चिमटे सोबत ठेवा. प्रकाश पिवळा असेल, तर रंग ओळखू येतात का तेही आधी बघा.

पंचवीस मिनिटांचा आराखडा

तीन खेळाडूंच्या अझूलमध्ये सात थाळ्या, म्हणजे एका फेरीला २८ टाइल. प्रत्येकाला साधारण चार-पाच पाळ्या मिळतात. दोन फेऱ्या आरामात बसतात.

पहिलं मिनिट: आपण कोण आणि जिंकतं कोण. "आपण तिघं फरशी बसवणारे. दोन फेऱ्यांनंतर ज्याचे गुण जास्त, तो जिंकला." शेवट आधी सांगितला, की बाकीचे नियम कशासाठी आहेत ते कळतं.

पुढची तीन मिनिटं: पहिला खण. बोलताना हात चालू ठेवा. "अशा उचलायच्या" म्हणताना खरंच उचला.

पाचव्या मिनिटाला पहिली खेळी झालीच पाहिजे. पहिल्या फेरीच्या थाळ्या मी पिशवीतून न काढता हाताने लावून ठेवतो, तसं सांगूनच. टेस्टिंगला आपण ठरावीक डेटा वापरतो ना, तसंच. एका थाळीवर चार वेगळे रंग, एकीवर एकाच रंगाच्या तीन, म्हणजे पहिल्याच पाळीला खरा प्रश्न पडतो: एक घेऊ की तीन? हाच तो पहिला निर्णय. इथे तुम्ही गप्प बसायचं.

दुसऱ्या फेरीला पिशवीतून टाइल काढायच्या, आणि त्या खेळाडूंनीच काढायच्या. शेवटची दोन-तीन मिनिटं गुण मोजायला आणि "पूर्ण खेळात अजून काय असतं" हे सांगायला.

गप्प बसायचं म्हणजे काय करायचं?

बघायचं. वेबसाइटचा वापर सोपा आहे का हे तपासणारे जेकब नील्सन यांनी २००० साली मांडलं होतं, की पाच माणसांना वापरताना नुसतं पाहिलं, तरी अडचणींचा मोठा भाग दिसतो. टेबलावरही तसंच आहे. माणूस कुठे थांबतो, कोणत्या शब्दाला तुमच्याकडे बघतो, कोणती टाइल उचलून परत ठेवतो, हे वहीत टिपा. दोन वेगळ्या टेबलांवर लोक एकाच जागी अडले, तर दोष लोकांचा नाही, तुमच्या वाक्याचा आहे. वाक्य बदला.

कुणी कमकुवत खेळी करत असेल तर? करू द्या. नियमाबाहेरची असेल तरच थांबवा. "काका, त्यापेक्षा ही घ्या" असं म्हटलंत, की काका खेळत नाहीत, तुम्ही दोन पाट्यांवर खेळताय. विचारलंच, तर पर्याय सांगा: "ही घेतली तर पायरी भरते, ती घेतली तर पुढच्याची अडते." ठरवणं त्यांच्याकडे.

लिंबूटिंबू कुणालाच करू नका

लहानपणी गल्लीत धाकट्या भावाला खेळात घ्यायचो, पण त्याच्यावर राज्य यायचं नाही. तो लिंबूटिंबू. त्याला आनंद व्हायचा, कारण तो पाच वर्षांचा होता. मोठ्या माणसाला हे लगेच कळतं आणि बोचतं. मुद्दाम हरू नका, "तुम्हाला चालेल" म्हणून नियम सोडू नका. नवख्याला सवलत द्यायची असेल, तर सगळ्यांना सारखी द्या. म्हणून तर बोनस कुणालाच नाहीत.

आणि एक गोष्ट विशेष जपा. मुलाला घेऊन आलेल्या बायका बाजूला पर्स सांभाळत उभ्या राहतात. "तुम्ही पण बसा ना" म्हटलं, की उत्तर ठरलेलं: "नको, मला काय जमणार. तो खेळेल." इथे एकदाच नाही, दोनदा विचारा, आणि खुर्ची ओढून द्या. यात शिष्टाचारापलीकडचा हिशोब आहे. एकट्या मुलाला खेळ आला, तर घरी त्याला भिडू मिळत नाही आणि खेळ महिन्यात बंद पडतो. आई बसली, तर त्या घरात दोन खेळणारे झाले. आमच्या गुरुवारच्या टेबलावर सगळ्यात तिखट खेळणाऱ्या दोघी अशाच "मला काय जमणार" म्हणत बसलेल्या आहेत.

डेमो जमला की नाही, हे कसं ओळखायचं?

"मजा आली" हे उत्तर मोजू नका, ते लोक सौजन्याने देतात. किती जण आले, हेही नाही. आम्ही एकच गोष्ट बघतो: डाव संपल्यावर पुढच्या तिघांना बसवायचं आणि आत्ता खेळलेल्यांपैकी एकाला म्हणायचं, "यांना सुरुवात तुम्ही करून द्या, मी इथेच आहे." त्याने जे सांगितलं, ते त्याला कळलं. जे गाळलं, ते तुमच्या डेमोत नीट उतरलं नव्हतं. याहून स्वस्त आणि खरी चाचणी मला माहीत नाही.

यात खेळाचाही फायदा आहे. एका संध्याकाळी तुम्ही फार तर चार-पाच टेबलं लावाल. पण त्यातल्या दोघांनी घरी किंवा कंपनीच्या कँटीनमध्ये डाव लावला, तर पुढचं काम तुमच्याशिवाय चालतं. जाताना प्रत्येकाला एका पानावर तुमचे पहिल्या खणातले नियम मराठीत छापून द्या, मोठ्या अक्षरात, बस्स.

हेच गंजिफेलाही लावून बघता येईल. दहा रंग एकदम कशाला? दोन सरळ क्रमाचे आणि दोन उलट क्रमाचे, असे चार रंग घ्या. ४८ पानं होतात, तिघांना १६-१६. अर्ध्या तासात माणसाला तो उलटा क्रम हातात बसतो, मग रंग वाढवत जा. पानं सावंतवाडीत आजही तयार होतात. कुणाच्या घरी भिंतीवर ती लावलेली असतील, तर एका गुरुवारी खाली काढा आणि तीन खुर्च्या मांडा. चौथी, बघणाऱ्यासाठी.